जखमांसह उठलेला ख्रिस्त : ईस्टरचा अर्थ

नाताळ कोणाला सांगावा लागत नाही. चांदणी, गोठा, केक, गाणी हे सगळे आता साऱ्या गावाचे झाले आहे. ईस्टर मात्र बहुतेकांना गुड फ्रायडेच्या सुट्टीपुरता माहीत असतो. वांद्र्याच्या आणि गोव्याच्या बेकऱ्यांत त्या आठवड्यात मार्झिपानची अंडी मांडलेली दिसतात. युरोपात पूर्वी उपवासकाळात अंडी वर्ज्य असत आणि सणाला ती पुन्हा ताटात येत, म्हणून अंड्यांचा या सणाशी संबंध आला. पण ही झाली बाहेरची गोष्ट. ख्रिस्ती श्रद्धा उभी आहे ती ईस्टरवर.

आधी ईस्टर, मग नाताळ

25 डिसेंबरला ख्रिस्तजन्म साजरा झाल्याची रोममधली सर्वांत जुनी नोंद इ.स. 336 ची आहे. ईस्टर त्याच्या कितीतरी आधीचा. तो कोणत्या दिवशी पाळावा यावर दुसऱ्या शतकातच मंडळ्यांमध्ये वाद झाले होते. किंबहुना दर रविवारची उपासनाही ईस्टरमुळेच सुरू झाली, कारण येशू आठवड्याच्या पहिल्या दिवशी उठला अशी श्रद्धा आहे. प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला इ.स. 54 च्या सुमारास लिहिलेल्या पत्रात आडपडदा ठेवला नाही. ख्रिस्त उठला नसेल, तर आम्ही सांगतो तेही व्यर्थ आणि तुम्ही मानता तेही व्यर्थ, असा त्याचा मुद्दा आहे. येशूला थोर शिक्षक मानून थांबण्याची सोय पौल ठेवतच नाही.

मराठीलाही ही कथा नवी नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ 1616 मध्ये गोव्यात राशोल येथे छापले गेले. त्याच्या दुसऱ्या भागात येशूचे मरण आणि पुनरुत्थान ओव्यांमध्ये सांगितले आहे.

वल्हांडणाचे नाते

येशू वल्हांडण सणाच्या दिवसांत मारला गेला. इजिप्तच्या गुलामीतून इस्राएल लोक सुटले, त्या सुटकेचा हा यहुदी सण. रायगड जिल्ह्यात मुळे असलेले आपले मराठी बोलणारे बेने इस्राएलही तो पाळत आले आहेत. कोकराचे रक्त, घाईघाईने खाल्लेली बेखमीर भाकर, समुद्रातून निघालेली वाट या खुणा डोळ्यांपुढे ठेवल्याशिवाय ईस्टर कळत नाही. पहिले शिष्य यहुदीच होते. गुरूचे मरण आणि पुनरुत्थान त्यांना सुटकेच्या भाषेतच समजले. इथे गुलामी होती पापाची आणि मरणाची.

तारीख दरवर्षी हलते तीही याच नात्यामुळे. 21 मार्च किंवा त्यानंतरच्या पहिल्या पौर्णिमेनंतर येणारा रविवार तो ईस्टर. त्यामुळे तो 22 मार्च ते 25 एप्रिल यांच्या दरम्यान कधीही येतो. पूर्वेकडच्या बहुतेक ऑर्थोडॉक्स मंडळ्या जुन्या ज्युलियन पंचांगाने मोजतात. त्यांचा दिवस बहुधा वेगळा पडतो. 2025 मध्ये मात्र 20 एप्रिल हा दोघांचाही होता.

तीन दिवस, एकच उपासना

कॅथलिक परंपरेत गुरुवार संध्याकाळपासून रविवारपर्यंतचा काळ एकच उपासना मानला जातो. गुरुवारी धर्मगुरू बारा जणांचे पाय धुतात, कारण शेवटच्या भोजनाच्या वेळी येशूने शिष्यांचे पाय धुतले होते. या बारा जणांत पूर्वी फक्त पुरुष असावेत असा नियम होता. 2016 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी तो बदलला आणि स्त्रियांनाही स्थान दिले. शुक्रवारी जगात कुठेही मिस्सा होत नाही. वेदी उघडी, कापडाविना असते. दुःखसहनाचा वृत्तान्त वाचतात आणि क्रुसाला वंदन करतात.

मग शनिवार. त्या दिवशी रात्र होईपर्यंत करायचे काही नसते, आणि माझ्या मते हा दिवस आपण फार पटकन ओलांडून जातो. येशू कबरेत आहे, देव गप्प आहे आणि पुढे काय होणार हे शिष्यांना ठाऊक नाही. आपल्याला रविवार माहीत असतो, त्यांना नव्हता. ज्यांच्या घरी नुकतेच कोणी गेले आहे, त्यांना या शनिवारचे स्पष्टीकरण द्यावे लागत नाही. पूर्वेकडच्या मंडळ्या या दिवसाकडे आणखी एका अंगाने बघतात. त्यांच्या पुनरुत्थानाच्या चित्रात ख्रिस्त अधोलोकाची दारे मोडून आदाम आणि हव्वा यांना मनगटाला धरून वर ओढताना दिसतो. इस्तंबूलच्या पूर्वीच्या खोरा चर्चमध्ये चौदाव्या शतकातले असे एक भित्तिचित्र आहे. हाताला हात दिलेला नाही, मनगट धरले आहे, हे त्यात नीट पाहावे. वर येण्याचे बळ आदामात नाही. ते सगळे ओढणाऱ्याचे आहे.

शनिवारची रात्र

ईस्टरच्या आदल्या रात्रीची जागरणाची उपासना अनेक शतके सरकत सरकत शनिवारी सकाळी होऊ लागली होती. पोप पायस बारावे यांनी 1951 मध्ये प्रयोग म्हणून आणि 1955 च्या सुधारणेने कायमची ती पुन्हा रात्री आणली. तिचा अर्थ अंधाराशिवाय लागत नाही, म्हणून हे फार बरे झाले.

चर्चमधले दिवे मालवलेले असतात. बाहेर नवा विस्तव पेटवतात आणि पास्काची, म्हणजे ईस्टरची, मोठी मेणबत्ती पुढे आणतात. धर्मगुरू तिच्यावर क्रूस कोरतात, वर आल्फा, खाली ओमेगा आणि क्रुसाच्या चार कोनांत चालू वर्षाचे चार अंक. मग धूपाचे पाच खडे क्रुसात रोवतात, ख्रिस्ताच्या पाच जखमांसाठी. दोन हातांच्या, दोन पायांच्या, एक कुशीची. हे झाल्यावरच ज्योत लागते. मेणबत्ती आत जाते आणि तिच्यावरून एकेकाच्या हातातली छोटी मेणबत्ती पेटत जाते. वसईतल्या निर्मळ किंवा नंदाखालसारख्या गावांत ही सारी उपासना मराठीत चालते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेआधी तिची भाषा लॅटिन होती.

त्यानंतरच्या स्तुतिगीतात मेणासाठी मधमाश्यांचीही आठवण काढली जाते. आदामाच्या अपराधाला हे गीत भाग्याचा अपराध म्हणते, कारण त्यापायी असा तारणारा लाभला. पुढे जुन्या करारातली सातपर्यंत वाचने होतात. वेळेअभावी काही गाळता येतात, पण समुद्र ओलांडण्याचे वाचन गाळायचे नाही असा दंडक आहे. नंतर पाणी आशीर्वादित करून स्नानसंस्कार देतात. पाण्यात उतरणे म्हणजे ख्रिस्ताबरोबर पुरले जाणे आणि बाहेर येणे म्हणजे त्याच्याबरोबर उठणे, असे पौलाने रोमकरांना लिहिले आहे. म्हणून प्राचीन मंडळीत नव्या श्रद्धावंतांना याच रात्री स्नानसंस्कार मिळे.

पहिली साक्ष स्त्रियांची

पुनरुत्थान होताना कोणी पाहिले, असे चारही शुभवर्तमानांत कुठेच म्हटलेले नाही. आहे ती रिकामी कबर आणि नंतरच्या भेटी. कबरेशी आधी पोचतात त्या स्त्रिया. दफन घाईत झाले होते, म्हणून सुगंधी द्रव्ये घेऊन त्या निघाल्या आहेत आणि वाटेत त्यांना एकच घोर आहे, तोंडावरची ती धोंड कोण लोटणार? शिष्यांना त्यांचे सांगणे वायफळ वाटले, असे लूक नोंदवतो. त्या काळी यहुदी न्यायसभेत स्त्रियांची साक्ष सहसा धरत नसत. कोणाला गोष्ट रचायचीच असती, तर त्याने असे साक्षीदार निवडले नसते. या तपशिलात मला त्या वृत्तान्ताचा प्रामाणिकपणा दिसतो. पण त्याहून मोठी गोष्ट अशी की, ज्यांच्या शब्दाला किंमत नव्हती त्यांच्यावरच पहिला निरोप सोपवला गेला. त्या स्त्रियांपैकी मग्दालिया मरियेचा स्मरणदिन 2016 मध्ये प्रेषितांच्या सणाच्या बरोबरीचा करण्यात आला.

जखमा तशाच

या सणाचा गाभा मला इथे सापडतो. उठलेल्या येशूचे शरीर नवे आहे. बंद दारांतून तो आत येतो आणि मरियेला तो आधी माळी वाटतो. तरी खिळ्यांच्या खुणा गेलेल्या नाहीत. तो त्या झाकत नाही, आपणहून दाखवतो. थोमा या शिष्याने त्याच पाहायला मागितल्या आणि त्याला त्या मिळाल्या. दरवर्षी ईस्टरनंतरच्या रविवारी हाच प्रसंग वाचतात. शुक्रवार खोटा पाडून रविवार येत नाही. अन्याय झाला होता, तो खराच होता. देवाने त्या मारलेल्या माणसाला न्याय दिला, पण त्याचे सोसणे पुसून टाकले नाही. म्हणून शोक करणाऱ्याला ‘रडू नका’ असे सांगण्याचा हक्क ईस्टर कोणाला देत नाही. मेलेल्या लाजरसला आपण उठवणार हे ठाऊक असतानाही येशू त्याच्या कबरेकडे जाताना रडला होता.

जखमा शिष्यांनाही होत्या. येशूला पकडले त्या रात्री पेत्र महायाजकाच्या अंगणात कोळशांच्या शेकोटीशी उभा होता आणि तिथे त्याने तीनदा त्याला नाकारले. योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात सरोवराच्या काठी पुन्हा कोळसे पेटलेले आहेत. त्यांवर मासे आणि भाकर आहे, आणि रात्रभर जाळे टाकून दमलेल्यांना येशू न्याहारीला बोलावतो. खाणे झाल्यावर तो पेत्राला विचारतो की, तुझे माझ्यावर प्रेम आहे ना? तीनदा विचारतो. तिसऱ्या वेळी पेत्राच्या जिव्हारी लागते. नाकारण्याचा उच्चारही येशू करत नाही. प्रत्येक उत्तरानंतर तो आपला कळप त्याच्या हवाली करतो आणि शेवटी, म्हातारपणी दुसरेच कोणी तुला बांधून नको तिथे नेईल, हेही त्याच काठावर सांगून ठेवतो.