चव वेगळी, व्यसन वेगळं

‘ताई, तुम्ही आडव्या बाटलीवाल्या, आणि वाईन चाखायला गेलात?’ आमच्या आटपाडीतल्या बचत गटात मला हा प्रश्न झालाच. रास्त आहे. दारूपायी मोडलेले संसार मी जवळून पाहिलेत. पण मैत्रिणींनो, ज्याला विरोध करायचा ते माहीत तरी हवं ना?

शेजारच्या माळशिरस तालुक्यात, अकलूजला ‘फ्रटेली’ची वाईन होते. फ्रटेली म्हणजे इटालियनमध्ये भाऊ. अकलूजचे मोहिते-पाटील, दिल्लीचे सेखरी आणि इटलीचे सेक्की अशा तीन घरांतल्या भावांनी ती सुरू केली. सोबतीला टस्कनीचे वाईनतज्ज्ञ पिएरो मासी होते. तिकडचं ‘सांजोवेझे’ द्राक्ष आपल्या उन्हात रुजलं. त्यात काबर्ने सोव्हिन्यॉं मिसळून ‘सेट्टे’ ही लाल वाईन करतात. सेट्टे म्हणजे सात.

ही द्राक्षं तासगावच्या थॉमसनसारखी नसतात. मणी लहान, साल जाड, आत बिया. रस फिकाच असतो, लाल रंग सालीतून उतरतो. म्हणून सालीसकट आंबवतात, मग ओकच्या पिंपात मुरवतात. आपलं लोणचं मुरतं, तसंच!

चाखायची रीतही शिकण्यासारखी आहे. पेला पांढऱ्या कागदावर तिरका धरून रंग पाहायचा. हळूच घोळवून वास घ्यायचा. मग छोटा घोट जिभेवर फिरवायचा. मला आधी आंबट चेरीसारखी चव लागली, मग कच्च्या जांभळाचा तुरटपणा. हिरड्या जरा आवळल्यासारख्या झाल्या. तो तुरटपणा सालीतल्या आणि बियांतल्या टॅनिनचा. चाखून झाल्यावर घोट थुंकून टाकला तरी चालतो, जाणकारही तेच करतात! चव कळायला गिळावंच लागतं असं नाही.

हिच्या आंबटपणामुळे मटणाचा तेलकटपणा कमी वाटतो. मात्र झणझणीत रस्सा असेल, तर तिखट आणखीच झोंबतं.

पण ‘वाईन तब्येतीला चांगली’ यावर भुलू नका. शंभर भागांत बारा-चौदा भाग अल्कोहोल असतंच. अल्कोहोलचं कुठलंही प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेनं 2023 मध्ये स्पष्ट सांगितलं. गरोदर बायकांनी तर चाखूही नये.

2022 मध्ये राज्य मंत्रिमंडळानं सुपरमार्केटमध्ये वाईन विकायला मंजुरी दिली, तेव्हा मोठा विरोध झाला. द्राक्ष पिकवणाऱ्याच्या घामाचं मोल मला कळतं. तरी गावात दुकानाचा ठराव आला, तर माझं मत आडव्या बाटलीलाच. चवीचं कौतुक केलं म्हणून शेजारणीचं रडणं ऐकू येईनासं होत नाही.