जांगडवर घेतलेली गाणी

जांगड हा शब्द आपल्या कापडवाल्यांना समजावून सांगावा लागत नाही. पेढीवरून दहा थान जांगडवर आणायचे, फळीवर मांडायचे, गिऱ्हाइकाला दाखवायचे. माल आपल्या दुकानात, मालकी मात्र पेढीवाल्याची. त्याचा निरोप आला की थान परत. हा व्यवहार तीस वर्षे करूनही मी मोबाईलवरच्या गाण्यांच्या बाबतीत फसलो.

आमच्या वालिदसाहेबांना कव्वालीचा मोठा शौक होता. त्यांच्या दोनशेच्या आसपास कॅसेटी दुकानाच्या पोटमाळ्यावर होत्या. टेप बिघडला, दुरुस्त करणारा मिळेना, तेव्हा भाच्याने एका अॅपची वर्गणी भरून दिली. अब्बांजवळ बसून, एकेक कॅसेट हातात घेऊन त्याने यादी बनवली. ३४० कव्वाल्या झाल्या. रात्री शटर ओढून मी हिशेब लिहायचो आणि अब्बा ऐकत बसायचे. पावसाळ्यात कॅसेटींवर बुरशी आली, तेव्हा सगळे आता मोबाईलवर आहेच, असे म्हणून मी त्या भंगारात घातल्या.

अब्बांच्या इंतकालानंतर दीड वर्षाने ते अॅप बंद पडले. नोटीस आली होती म्हणतात. पण ईदच्या सीझनमध्ये मोबाईलवरची नोटीस कोणता दुकानदार वाचतो? त्यातल्या बऱ्याच कव्वाल्या आज दुसरीकडे मिळतात. पण अब्बांनी निवडलेल्या ३४० कोणत्या, हे आता कोणालाच सांगता येत नाही.

कंपनीने फसवले असे मी म्हणणार नाही. महिन्याची वर्गणी हे भाडे असते, खरेदी नव्हे. शिवाय अॅपवालाही मालक नसतो. गाण्यांचे हक्क सारेगामा, टी-सिरीज, झी म्युझिक अशा कंपन्यांकडे असतात आणि अॅपवाला त्यांच्याकडून मुदतीच्या कराराने माल आणतो. म्हणजे जांगडवर जांगड! दर जुळला नाही की माल फळीवरून उतरतो. मार्च २०२३ मध्ये झी म्युझिकची अनेक हिंदी गाणी स्पॉटिफायवरून अशीच उतरली होती.

डाउनलोड केले म्हणजे आपले झाले, हा समज तर सर्वांत महाग पडतो. ती फाइल कुलूपबंद असते, त्याच अॅपमध्ये वाजते. स्पॉटिफायवर डाउनलोड केलेले गाणे चालू राहावे म्हणून ३० दिवसांत एकदा तरी इंटरनेटला जोडावे लागते. वर्गणी थांबली की वाजणे थांबले.

मोठी पेढी बुडत नाही, असेही मानू नये. गूगलसारख्या कंपनीने गूगल प्ले म्युझिक २०२० च्या अखेरीस बंद केले. लोकांनी आपली स्वतःची, पदरच्या पैशांनी घेतलेली गाणीही तेथे चढवून ठेवली होती. एका खात्यावर ५०,००० पर्यंत ठेवता येत. २४ फेब्रुवारी २०२१ ही माल हलवण्याची शेवटची तारीख होती, त्यानंतर सारे पुसले गेले. भारतातले रेसो ३१ जानेवारी २०२४ ला बंद झाले, त्याच वर्षी एअरटेलचे विंकही गेले. अमेरिकेतल्या मायस्पेसने तर २०१९ मध्ये कबूल केले, की सर्व्हर बदलताना २०१५ पर्यंत लोकांनी चढवलेली गाणी हरवली आहेत.

तेव्हा आधी यादी वाचवा. साउंडिझ किंवा ट्यून माय म्युझिक यांसारख्या सेवांतून यादी फाइलमध्ये उतरवता येते. ती छापून वहीत लावा. नुसते नाव लिहून भागत नाही. एकच कव्वाली एकाच कव्वालाने चार वेळा रेकॉर्ड केलेली असते. कोठे आठ मिनिटांची, कोठे बावीस. म्हणून गाणारा, चित्रपट किंवा अल्बम, कंपनी आणि लांबी एवढे लिहावेच. आम्ही थानाच्या चिठ्ठीवर मीटर लिहितो, तसेच हे.

ज्या चाळीस-पन्नास चिजांवाचून करमणार नाही, त्या विकत घ्याव्यात. सीडी मिळाली तर सीडी, नाही तर बिनकुलपाची फाइल. आयट्यून्सच्या दुकानाने विकत दिलेल्या गाण्यांवरचे कुलूप २००९ मध्येच काढले. सारेगामाचा २०१७ मध्ये आलेला कारवां रेडिओही बरा. त्यात ५,००० गाणी यंत्रातच भरलेली होती, फक्त निवड त्यांची, आपली नव्हे.

आणि कॅसेट टाकू नका! बुरशी बहुतेक वेळा साफ करता येते, हे मला फार उशिरा कळले. टेपच्या हेडफोनच्या भोकातून वायर काढून संगणकाला जोडावी. ऑडॅसिटी नावाचा प्रोग्राम फुकट आहे. साठ मिनिटांच्या कॅसेटला साठ मिनिटे लागतात, त्यात घाई चालत नाही. उतरवलेल्या फाइलच्या दोन प्रती कराव्यात, एक घरी, एक दुकानात. केवळ पेनड्राइव्हवर भिस्त ठेवू नये. वर्षानुवर्षे न लावता पडून राहिला तर त्यातला माल खराब होऊ शकतो. वर्षाचा स्टॉक मोजतो, त्याच दिवशी प्रतीही वाजवून पाहाव्यात.

मी भंगारात घातलेल्यांत पाच-सहा कॅसेटी गावच्या उर्सात अब्बांनी स्वतः टेप केलेल्या होत्या. त्या कोणत्याही अॅपवर कधी नव्हत्याच. नातेवाइकांकडे विचारत फिरलो, तेव्हा फुफीच्या ट्रंकेत एक सी-९० निघाली. फीत एका जागी तुटली आहे. येत्या जुम्म्याला दुकान बंद असेल, तेव्हा भाचा आणि मी ती जोडायला बसणार आहोत.