शेतकऱ्यांसाठी रोजचे ध्यान : पद्धत, फायदे व घ्यावयाची काळजी

शेती हा व्यवसाय पाऊस, बाजारभाव आणि मजुरांची उपलब्धता या तीन गोष्टींवर मोठ्या प्रमाणात अवलंबून आहे. यांपैकी एकही गोष्ट शेतकऱ्याच्या पूर्णपणे हातात नसते. त्यामुळे दिवसभर राबून शरीर अंथरुणावर पडले तरी मन मात्र शेतातच फिरत असते. पावसाने दिलेली ओढ, सोसायटीचा हप्ता, मुलीची फी, मोटारीचे जळालेले वायंडिंग असे विचार एकामागून एक येतात. पिकातील तणाप्रमाणे हे विचारही वेळीच आटोक्यात ठेवले नाहीत तर मनाची सारी ताकद शोषून घेतात. यासाठी रोज पंधरा मिनिटे ध्यान करणे हा बिनखर्चाचा व सोपा उपाय आहे.

ताणाचा शरीरावर होणारा परिणाम

बांधावर अचानक नाग दिसला की छाती धडधडते, श्वास जोरात चालतो व अंगाला घाम सुटतो. धोका ओळखून शरीर अॅड्रेनॅलिन व कॉर्टिसॉल ही संप्रेरके रक्तात सोडते, त्याचा हा परिणाम असतो. नाग निघून गेला की थोड्या वेळात शरीर पूर्ववत होते. परंतु कर्जाची किंवा भावाची चिंता नागाप्रमाणे निघून जात नाही. ती दिवसेंदिवस राहते आणि शरीरही तितके दिवस ताणलेले राहते. यातून झोप न लागणे, अपचन, डोकेदुखी, चिडचिड या तक्रारी सुरू होतात व रक्तदाब असणाऱ्यांचा त्रास वाढतो.

मन थाऱ्यावर नसल्यास शेतीचेही नुकसान होते. उदाहरणार्थ, २,४-डी हे तणनाशक फवारलेला पंप घाईत नीट न धुता त्यातूनच कपाशीवर कीटकनाशक फवारले जाते. पंपात राहिलेल्या थोड्याशा अंशानेही कपाशीची पाने भेंडीच्या पानांसारखी होतात व वाढ खुंटते. तणनाशकासाठी वेगळा पंप ठेवावा हे बहुतेकांना माहीत असते, तरीही चूक होते, कारण त्या वेळी लक्ष दुसरीकडे असते. औषधाचे प्रमाण चुकणे, कडबा कटरमध्ये किंवा मळणी यंत्रात हात जाणे अशा प्रसंगांतही पुष्कळदा हेच कारण आढळते.

ध्यान म्हणजे काय?

ध्यान म्हणजे मन रिकामे करणे, असा अनेकांचा समज असतो. त्यामुळे दोन दिवस बसून विचार थांबले नाहीत की 'हे आपल्याला जमणारे नाही' असे म्हणून ते सोडून देतात. प्रत्यक्षात मन भरकटणारच. नांगरताना बैल तास सोडून बाजूला गेला तर आपण नांगरणी बंद करीत नाही. कासरा ओढून त्याला पुन्हा तासात आणतो. त्याचप्रमाणे भरकटलेले मन न चिडता पुन्हा श्वासावर आणणे, हेच ध्यान होय. ते वीस वेळा गेले तर वीस वेळा परत आणावे. हाच मनाचा व्यायाम आहे.

ही गोष्ट आपल्याकडे नवीन नाही. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात ध्यानयोगाचे विवेचन आहे. वारकरी कुटुंबांत संध्याकाळी नामस्मरण होते, त्यातही मन एका शब्दावर स्थिर केले जाते. नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी येथील धम्मगिरी केंद्रात १९७६ पासून विपश्यनेची शिबिरे भरतात. तेथील दहा दिवसांच्या शिबिरातही सुरुवात श्वासाकडे लक्ष देण्यापासूनच होते.

ध्यानाची पद्धत

१. पहाटे धारा काढण्यापूर्वी किंवा रात्री जेवणानंतर दोन तासांनी बसावे. वेळ व जागा शक्यतो रोज एकच ठेवावी.
२. बसण्यापूर्वी उद्याची कामे व देणी एका वहीत लिहून काढावीत. लिहिलेली गोष्ट मनात घोळवत ठेवावी लागत नाही.
३. घोंगडीवर मांडी घालून पाठ ताठ ठेवून बसावे. गुडघे दुखत असल्यास खुर्चीवर किंवा ओट्यावर बसण्यास हरकत नाही.
४. डोळे मिटून नाकातून सावकाश श्वास घ्यावा व त्याहून सावकाश सोडावा. श्वास सोडताना हृदयाची गती स्वाभाविकपणे कमी होते. असे दहा वेळा करावे.
५. त्यानंतर श्वास आपोआप चालू द्यावा व नाकपुडीशी होणाऱ्या त्याच्या स्पर्शाकडे लक्ष ठेवावे. हवे असल्यास आवडीचे नाम मनात घ्यावे.
६. पहिल्या आठवड्यात पाच मिनिटे बसावे व हळूहळू पंधरा मिनिटांपर्यंत वाढवावे.

हंगामात वेळ मिळत नसेल तर न्याहारीपूर्वी झाडाखाली पाच मिनिटे बसावे. ट्रॅक्टर किंवा यंत्र चालवताना मात्र डोळे मिटून ध्यान करू नये. त्या वेळी हातातील कामावर पूर्ण लक्ष देणे हेच ध्यान समजावे.

संशोधन काय सांगते?

अमेरिकेतील हार्वर्ड वैद्यकीय विद्यालयाचे डॉ. हर्बर्ट बेन्सन यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात दाखवून दिले, की एका शब्दावर मन स्थिर केल्यास शरीराला ताणाच्या उलट अशी विश्रांतीची अवस्था मिळते. २०१४ मध्ये तेथीलच जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी ४७ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला. त्यात ध्यानाने चिंता, उदासी व वेदना थोड्या ते मध्यम प्रमाणात कमी होतात असे आढळले. मात्र औषधोपचार किंवा व्यायामापेक्षा ध्यान सरस ठरते, असा पुरावा मिळाला नाही.

घ्यावयाची काळजी

ध्यानाने कर्ज फिटत नाही की पाऊस पडत नाही. परंतु बँकेत काय बोलावे, दुबार पेरणी करावी की नाही, माल आज विकावा की थांबावे हे ठरवण्यासाठी लागणारे शांत डोके त्यामुळे मिळू शकते. रक्तदाबाची किंवा मानसिक आजाराची औषधे डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय बंद करू नयेत. डोळे मिटल्यावर भीती वाढत असेल तर ध्यान थांबवावे व सल्ला घ्यावा.

दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप उडाली असेल, कशातच मन लागत नसेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर केवळ ध्यानावर विसंबून राहू नये. घरच्या माणसाजवळ मन मोकळे करावे आणि डॉक्टरांना दाखवावे. केंद्र शासनाने २०२२ मध्ये सुरू केलेल्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते. शेजारच्या शेतकऱ्यात अशी लक्षणे दिसल्यास त्याला एकटे सोडू नये. पिकावर रोग दिसताच आपण सल्ला घेतो, मग मनासाठी तो घेण्यात कमीपणा मानू नये.

जमिनीचा कस टिकवण्यासाठी आपण तिला शेणखत देतो, विसावा देतो. ती कसणाऱ्या माणसाच्या मनालाही विसावा हवा. तेव्हा शेतकरी बंधू-भगिनींनी उद्या पहाटे पाच मिनिटांपासून सुरुवात करावी व महिनाभर नियमितपणे करून स्वतःच अनुभव घ्यावा.