उंदराचे बीळ आणि गरिबाचे घर

चाळीत किंवा झोपडपट्टीत राहणाऱ्या माणसाला उंदराची ओळख करून द्यावी लागत नाही. रात्री माळ्यावर खुडबुड, सकाळी कुरतडलेली मुलांची वही, पिठाच्या डब्यामागे लेंड्या. हे आपल्या घरोघरचे आहे. पण या प्राण्यापायी आपल्या वस्तीला 'घाणेरडी वस्ती' म्हटले जाते, याचा आम्हाला जास्त राग येतो. म्हणून उंदराची थोडी हकिकत सांगतो.

उंदीर माणसाच्या मागे आला तो धान्यासाठी. जेथे कोठार तेथे उंदीर. त्याला जात समजत नाही आणि भाडेही द्यावे लागत नाही. मादी सुमारे तीन आठवड्यांत विते, ती पिल्ले तीनएक महिन्यांत स्वतः वितात. पुढचे दात जन्मभर वाढत असल्याने कुरतडल्यावाचून त्याला गत्यंतर नसते.

मुंबईत सप्टेंबर १८९६ मध्ये प्लेग डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी ओळखला, तो मांडवी भागात. मांडवी म्हणजे बंदराजवळचा, धान्याच्या गोदामांचा भाग. तेथे माणसांच्या आधी उंदीर मरून पडत होते. आपल्या गावाकडच्या जुन्या माणसांना हे पक्के ठाऊक होते. 'उंदीर पडले' असे कानावर आले की गाव सोडून रानात झोपड्या घालून राहायचे. हा शहाणपणा पुस्तकातला नव्हता, पण खरा होता. (ज्याला स्वतःचे रान होते त्याचे ठीक, बाकीच्यांनी कोठे जायचे?)

सरकारने मात्र १८९७ मध्ये साथरोगाचा कायदा केला आणि माणसांच्या मागे लागले. घरांत शिरून झडत्या घेतल्या, छपरे उतरवली, अंथरूण-पांघरूण जाळले, गटारांत कार्बोलिक ओतले. आजाऱ्याला घरच्यांपासून ओढून नेले. उंदीर बिचारा या घरातून त्या घरात पळत राहिला आणि साथही त्याच्या मागून फिरत राहिली.

त्याच वर्षी पुण्याजवळ सावित्रीबाई फुले आणि त्यांचे पुत्र डॉ. यशवंत आजाऱ्यांची शुश्रूषा करीत होते. मुंढव्याच्या महार वस्तीतील एका मुलाला पाठीवर घेऊन सावित्रीबाई दवाखान्यात आल्या. १० मार्च १८९७ रोजी त्याच प्लेगने त्या गेल्या. रोग नेमका कोठून अंगात शिरतो हे तेव्हा कुणालाच नीट माहीत नव्हते, तरीही त्यांनी त्या मुलाला उचलले.

ते कोडे पुढच्याच वर्षी सुटू लागले. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी १८९८ मध्ये कराचीत प्रयोग करून दाखवले की मेलेल्या उंदराच्या अंगावरची पिसू हा रोग पसरवते. उंदीर मेला, थंड झाला की पिसवा त्याला सोडून दुसरे ऊबदार अंग शोधतात. पुष्कळांनी सिमाँना हसून सोडून दिले. १९०५ नंतर मुंबईच्या परळमध्ये संशोधन आयोगाने पिंजरे मांडले. जमिनीवरच्या पिंजऱ्यातील प्राण्यांना प्लेग झाला. पिसवेची उडी पोचणार नाही इतक्या उंच टांगलेल्यांना झाला नाही. तोवर देशात लाखो माणसे गेली होती.

प्लेगनंतरच, १८९८ मध्ये, मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्त्या पाडून त्याने चाळी बांधल्या. परळच्या पोयबावडीत ज्या चाळीत बाबासाहेबांचे कुटुंब दोन खोल्यांत राहत होते, ती याच ट्रस्टची. म्हणजे बी.आय.टी. चाळ या नावामागेही उंदीर आहेच.

आणि या उंदरांना मारायचे कुणी? मुंबई महापालिकेत त्यासाठी रात्रपाळीचे कामगार आले. एका हातात काठी, दुसऱ्या हातात बॅटरी, आणि गल्लीबोळातील उकिरडे. एका रात्रीत ३० उंदीर मारून सकाळी मोजून द्यायचे, असा त्यांचा कोटा होता. कमी भरले तर पगाराला कात्री. शहर झोपलेले असताना हा माणूस गटाराकाठी वाकून उभा असतो. सकाळी ज्यांना उंदीर दिसत नाही, त्यांना हा माणूसही दिसत नाही. मात्र कचरा वेळेवर उचलला गेला तर त्याच्या काठीवरचे निम्मे ओझे उतरेल, असे आम्हाला वाटते. तक्रार करायचीच तर ती वॉर्ड ऑफिसात कचऱ्याची करावी, आणि चाळकमिटीने मिळून लेखी करावी.

प्लेगची आठवण १९९४ मध्ये बीड जिल्ह्यात आणि सुरतेत पुन्हा जागी झाली. पण मुंबईतील आपल्या कुटुंबांना आज जास्त भीती लेप्टोची आहे. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर या रोगाने अनेकांचे बळी घेतले. उंदराच्या मुतातील जंतू साचलेल्या पाण्यात मिसळतात आणि पायाच्या जखमेतून, भेगेतून आत शिरतात. गुरे-कुत्री यांच्याकडूनही हे होते.

तेव्हा आमच्या भगिनींना काही सांगणे. घरच्या माणसाला पुराच्या पाण्यातून यावे लागले तर पाय साबणाने धुवून जखम तपासा, आणि तीन दिवसांच्या आत जवळच्या पालिका दवाखान्यात जाऊन प्रतिबंधक गोळी विचारा. गरोदर बाई व लहान मूल असेल तर तसे डॉक्टरांना आधी सांगा. ताप, पोटऱ्यांत ठणका, डोळे लाल होणे ही लक्षणे दिसली की मेडिकलमधून क्रोसिन आणून वाट पाहू नका. धान्य पत्र्याच्या झाकणाच्या डब्यात ठेवा, खरकटे रात्री उघडे ठेवू नका. बिळे नुसत्या मातीने बुजवू नका, काचेचे तुकडे घालून सिमेंट लावा. विषाच्या गोळ्या मुलांच्या हाती लागतात. त्यापेक्षा पिंजरा बरा. त्यात उंदराला भाकरीचा तुकडा चालतो, पण आमच्या शेजारच्या आजींच्या मते तळलेल्या भज्याला तोड नाही.