गणिताची भीती आणि घरच्या सवयी

‘मला गणित जमतच नाही,’ असे मूल म्हणू लागले, की प्रश्न केवळ गुणांचा राहत नाही. परीक्षेआधी पोटात गोळा येतो, झोप उडते; भीतीने व्यापलेल्या मनाकडून येणारे उदाहरणही चुकते.

पुष्कळदा अडचण बुद्धीची नसून भाषेची असते. ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी येतो, लिहिताना मात्र दोन. म्हणूनच २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस पाच’ असे वाचनही आले. त्यावर वाद झाला, गणितज्ञ डॉ. मंगला नारळीकर यांनी या बदलाची बाजू मांडली. आपले मूल अडखळत असेल, तर दोन्ही प्रकारे वाचून घ्या.

सोडवलेले उदाहरण नुसते वाचू देऊ नका. पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर सोडवू द्या. एकाच प्रकारची वीस गणिते एका बैठकीत नकोत. रोज जुनी-नवी मिसळून पाच-सहा पुरेत. कोणती रीत लावावी, हे ओळखणे हाच खरा अभ्यास. चुकलेले खोडू नका. शेजारी चूक लिहून आठवड्याने पुन्हा सोडवा.

शिरगावसारख्या मावळातल्या गावी गुणोत्तर तर चुलीपाशीच शिकता येते. इंद्रायणी तांदळाच्या एका वाटीला दोन वाट्या पाणी, तर साडेतीन वाट्यांना किती? उत्तर मुलालाच काढू द्या.

जागरण टाळा, शिकलेले झोपेत पक्के होते. आणि ‘मलाही गणित येत नसे’ असे मुलांसमोर म्हणू नका. आपली भीती त्यांच्या दप्तरात कशाला?