जोडायचं, पण मिसळू द्यायचं नाही

डीपीवर ॲल्युमिनियमची केबल तांब्याच्या पट्टीला थेट बोल्टनं आवळली, तर पावसाळ्यात त्या सांध्यावर पांढरी भुकटी धरते. ओलावा मिळताच या दोन धातूंची बॅटरीच तयार होते आणि त्यात ॲल्युमिनियम झिजतं. शिवाय तापल्यावर ते तांब्यापेक्षा जास्त प्रसरण पावतं. भार चढता-उतरता सांधा सैल होतो आणि सैल सांधा आणखी तापतो. म्हणून मधे बायमेटॅलिक वॉशर घालतात. त्याच्या एका अंगाला तांबं असतं, दुसऱ्या अंगाला ॲल्युमिनियम. बाहेर प्रत्येक धातू आपल्याच जातीला टेकतो आणि दोघांची गाठ पडते ती वॉशरच्या पोटात, जिथं पाणी सहजी पोचत नाही.

हा खटाटोप परवडतो, कारण हिशेब सरळ आहे. तांब्याची घनता ८.९६, ॲल्युमिनियमची २.७०. ॲल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या सुमारे ६१ टक्के असली, तरी तेवढीच वीज नेणारी त्याची तार वजनाला निम्मीच भरते. तांब्याचा पृष्ठभाग आणि ॲल्युमिनियमचा हलकेपणा एकाच पत्र्यात मिळाला, तर कारखानदाराला हवाच असतो.

मग दोन्ही वितळवून का जोडू नयेत? ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, तांबं १०८५ला. पण एकमेकांना चिकटून असले, तर ५४८ अंशांनाच त्यांचा रस होऊ लागतो. तो रस थिजताना दोन्ही धातूंची कडक, ठिसूळ संयुगं बनतात आणि जोड वाकवताच तडकतो. त्यामुळे या कसबाचा पहिला नियम असा, की धातू घनच राहिले पाहिजेत.

रोलिंगच्या पद्धतीत आधी दोन्ही पत्रे तेलकटपणा काढून स्वच्छ करतात आणि स्टीलच्या वायर ब्रशनं खरवडतात. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा पापुद्रा हवेत लगेच पुन्हा धरतो, म्हणून ब्रश झाला की वेळ न दवडता पत्रे एकावर एक ठेवून रोलमध्ये सोडतात. एकाच पासमध्ये जाडी बहुधा निम्म्यावर किंवा त्याहून खाली आणतात. एवढ्या दाबाखाली खरवडलेला कडक थर तडकतो, भेगांतून ताजा धातू वर येतो आणि समोरच्या ताज्या धातूला भिडतो. हळूहळू दाबत नेलं, तर ही भेट होतच नाही. मऊ ॲल्युमिनियम जास्त लांबतं, त्यामुळे बाहेर येणारा पत्रा बहुधा तांब्याच्या बाजूला वळलेला असतो.

पुढं येतं ॲनीलिंग आणि खरी परीक्षा इथंच असते. तीनशे-साडेतीनशे अंशांच्या भट्टीत थोडा वेळ ठेवलं, तर सीमेवरचे अणू एकमेकांत शिरतात आणि पकड घट्ट होते. वेळ किंवा आच वाढली, की तीच ठिसूळ संयुगं तिथं थर धरतात. हा थर काही मायक्रॉनचा झाला, की ओढून पाहताना दोन्ही पत्रे सुटून येतात.

जाड पाट्यांसाठी स्फोटाचा मार्ग आहे. खालच्या पाटीवर थोडं अंतर सोडून वरची पाटी ठेवतात आणि तिच्यावर स्फोटकाचा थर पसरून एका कडेनं पेटवतात. वरची पाटी तिरकी आदळत जाते आणि टकरीतून उडणारा धातूचा झोत दोन्ही पृष्ठभागांवरचा मळ पुढं ढकलत नेतो. असा तुकडा कापून घासला, की सीमेवर बऱ्याचदा लाटा दिसतात. उष्णतेला पसरायला वेळच मिळत नाही, हे या रीतीचं बळ.

तांब्याच्या सालीची ॲल्युमिनियमची तार याच कुळातली. तिच्यात आकारमानानं दहा टक्के तांबं असलं, तरी वजनात ते सुमारे २७ टक्के भरतं. उच्च कंप्रतेचा प्रवाह तारेच्या कडेकडेनंच वाहतो, म्हणून कोॲक्सियल केबलमध्ये ही तार चपखल बसते. घराच्या वायरिंगमध्ये ती शुद्ध तांब्याची म्हणून खपवली, तर मात्र ती फसवणूक आणि धोकाही. ब्लेडनं साल खरवडली, की आतला पांढरा धातू दिसतो.

या जोडाची खरी किंमत भंगारात मोजावी लागते. उत्तम जोडलेला पत्रा हातानं सुटत नाही आणि सरसकट वितळवला, तर ॲल्युमिनियममध्ये तांबं उतरून त्याचा भाव पडतो. कारखान्यात जे होऊ नये म्हणून एवढं जपलं, ते भंगाराच्या भट्टीत एका घाण्यात होऊन जातं.