विश्लेषण : संगणक सुरूच होत नाही, ‘फॉरमॅट’ मारण्याआधी फायली कशा वाचवायच्या?

सिंदखेड राजा तालुक्यातील दुसरबीडसारख्या गावात सेवा केंद्र, फोटो स्टुडिओ किंवा कृषी सेवा केंद्राचा सगळा कारभार बहुधा एकाच संगणकावर चालतो. सकाळी बटण दाबले आणि निळा पडदा आला किंवा गोल ठिपके नुसतेच फिरत राहिले, की दिवस गेला. ‘विंडोज उडाली, फॉरमॅट मारावा लागेल,’ हा सल्ला अशा वेळी लगेच मिळतो. दुरुस्त करणाऱ्यासाठी तो सर्वांत झटपट मार्ग असतो. मालकाच्या फायली मात्र त्यातच जातात, आणि अनेकदा विनाकारण जातात.

विंडोज बंद पडली म्हणजे फायली गेल्या का?

नाही. विंडोज आणि मालकाच्या फायली एकाच डिस्कवर असल्या, तरी विंडोज अडायला तिच्या हजारो फायलींपैकी एक बिघडलेली पुरते. याचे सर्वांत मोठे उदाहरण १९ जुलै २०२४ चे. ‘क्राउडस्ट्राइक’ या सुरक्षा कंपनीने त्या दिवशी सदोष अपडेट पाठवले. भारतीय वेळेनुसार सकाळी ९.३९ ला आलेले हे अपडेट १०.५७ ला मागे घेण्यात आले. पण तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार जगभरातील ८५ लाख संगणक निळ्या पडद्यावर अडकले होते. देशातील विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. उपाय मात्र छोटा होता : संगणक सेफ मोडमध्ये सुरू करायचा आणि एक विशिष्ट फाइल काढून टाकायची. बाकी सगळे जागच्या जागी होते.

बिघाड नेमका कुठे, हे कसे ओळखायचे?

संगणक कोणत्या टप्प्यावर थांबतो, ते पाहावे. दिवाही लागत नसेल, तर दोष वीजपुरवठ्याच्या भागात किंवा चार्जरमध्ये. फायलींचा त्याच्याशी संबंध नाही. पंखा फिरतो पण पडदा काळाच, असे असेल तर डेस्कटॉपमध्ये रॅम सैल झालेली किंवा धुळीने माखलेली असू शकते. वायर काढून, रॅमच्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने हलक्या हाताने पुसून ती पुन्हा बसवणे हा जुना आणि अजूनही चालणारा उपाय आहे. कंपनीचे चिन्ह दिसून पुढे ‘बूट डिव्हाइस सापडत नाही’ अशा अर्थाचा इंग्रजी संदेश आला, तर आधी लावून ठेवलेला पेन ड्राइव्ह काढावा, मग डिस्कची केबल पाहावी. जुन्या संगणकात तारीखही काही वर्षे मागे गेलेली दिसत असेल, तर मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपलेला असतो. तो बदलला आणि कोणत्या डिस्कवरून सुरू व्हायचे ते सेटिंगमध्ये पुन्हा निवडले, की बहुतेकदा काम भागते.

एक आवाज मात्र धोक्याचा : हार्ड डिस्कमधून येणारी ठराविक ‘टक-टक’. तो ऐकू आला तर संगणक लगेच बंद करावा आणि पुन्हा पुन्हा सुरू करून पाहू नये. आतले वाचणारे टोक बिघडलेले असेल, तर प्रत्येक प्रयत्नात चकतीवर ओरखडे पडू शकतात. अशी डिस्क धूळविरहित खोली असलेल्या प्रयोगशाळेतच उघडतात. तिचा खर्च मोठा असतो, हेही खरे.

विंडोज सुरू नसताना फायली बाहेर कशा काढायच्या?

यासाठी एक युक्ती विंडोजच्या पोटातच आहे. विंडोज १० किंवा ११ सुरू होत असताना बटण दाबून धरून दोन-तीनदा बंद केली, की पुढच्या वेळी निळ्या रंगाचा दुरुस्तीचा पडदा उघडतो. तिथे ‘ट्रबलशूट’, मग ‘अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’ आणि ‘कमांड प्रॉम्प्ट’ निवडावे. काळ्या चौकटीत इंग्रजीत नोटपॅड असे टाइप करून एंटर दाबावे. उघडलेल्या नोटपॅडमध्ये ‘फाइल’ आणि ‘ओपन’ दाबून खाली ‘ऑल फाइल्स’ निवडले, की डिस्कवरचे सगळे फोल्डर दिसतात. हवे ते कॉपी करून पेन ड्राइव्हवर पेस्ट करता येतात. इथे सी ड्राइव्ह दुसऱ्याच अक्षराने दिसू शकतो. ‘यूझर्स’ फोल्डर ज्यात दिसेल तो आपला. कॉपी होत असताना पडदा गोठल्यासारखा वाटतो, कारण किती काम झाले ते दाखवले जात नाही. तेव्हा घाई करू नये.

तेही न जमल्यास दुसऱ्या संगणकावर ‘उबंटू’ ही मोफत प्रणाली १६ जीबीच्या पेन ड्राइव्हवर तयार करून घ्यावी आणि बंद पडलेला संगणक त्यावरून सुरू करावा. ‘ट्राय’ निवडायचे, ‘इन्स्टॉल’ नाही. या दोन शब्दांतली चूक फार महागात पडते. डेस्कटॉप असेल, तर डिस्क सोडवून काहीशे रुपयांत मिळणाऱ्या यूएसबी केसमधून दुसऱ्या संगणकाला जोडणे त्याहून सोपे.

काय आधी वाचवावे?

सातबारा सरकारी सर्व्हरवर असतो, तो पुन्हा काढता येतो. ईमेलही जात नाही. खरोखर जातात त्या दुसरीकडे कुठेच नसलेल्या गोष्टी : उधारीची वही झालेली एक्सेल फाइल, टॅलीचा डेटा, स्टुडिओतले लग्नांचे फोटो. आधी ते. ‘डेस्कटॉप’ आणि ‘डाउनलोड्स’ हे फोल्डर विसरू नयेत. गावोगावची निम्मी कामे तिथेच पडलेली असतात.

बिटलॉकरची चावी मागितली तर?

अनेक नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क आपोआप कुलूपबंद असते. दुरुस्तीच्या पडद्यावर ४८ अंकी चावी मागितली जाते आणि ती नसेल तर फायली कोणालाही वाचता येत नाहीत. लॅपटॉप पहिल्यांदा सुरू करताना जे मायक्रोसॉफ्ट खाते वापरले, त्यात ती बहुधा साठवलेली असते आणि मोबाइलवरूनही पाहता येते. अडचण एवढीच, की ते खाते अनेकदा विक्रेत्याने किंवा पुतण्याने आपल्याच ईमेलवर उघडलेले असते. आधी त्यांना फोन करावा.

फायली हाती आल्यावर दुरुस्ती कशी?

आता धोका उरत नाही. ‘स्टार्टअप रिपेअर’, नुकतेच आलेले अपडेट काढणे, ‘सिस्टीम रिस्टोअर’ या क्रमाने पाहावे. काहीच चालले नाही तर ‘रिसेट’. त्यात ‘कीप माय फाइल्स’ निवडले, तर वैयक्तिक फायली राहतात, पण टॅलीसारखी सॉफ्टवेअर पुन्हा टाकावी लागतात. ‘चेक डिस्क’ची आज्ञा मात्र फायली काढण्याआधी देऊ नये, मरणपंथाला लागलेल्या डिस्कला तो ताण सोसत नाही.

फॉरमॅट होऊन गेला असेल तर?

तो संगणक तिथेच बंद करावा. जुन्या हार्ड डिस्कवर झटपट फॉरमॅटने फक्त अनुक्रमणिका पुसली जाते. पाने असतात, जोवर त्यांवर नवे काही लिहिले जात नाही. ती डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडून ‘फोटोरेक’सारख्या मोफत साधनाने बरेच काही परत मिळू शकते, मात्र फायलींची मूळ नावे मिळत नाहीत. मिळालेल्या फायली दुसऱ्याच डिस्कवर साठवाव्यात. एसएसडीवर ही आशा फारच कमी, कारण मोकळी झालेली जागा ती स्वतःच लगोलग साफ करते.

दुकानात देताना काय सांगावे?

‘फायली काढल्याशिवाय फॉरमॅट करू नये’ हे पावतीवर लिहून घ्यावे. सेवा केंद्राच्या संगणकात ग्राहकांच्या आधार आणि बँक पासबुकाच्या प्रती असतात. त्यामुळे शक्य असेल तर डिस्क काढून ठेवूनच बाकीचा संगणक द्यावा. दोष रॅम किंवा वीजपुरवठ्यात असेल, तर डिस्कविनाही तो तपासता येतो.